दव सुकायच्या आत

घरी आलेल्या माणसाने आधी घराकडे बघावं, मग शेताकडे. हौसाबाईचा सुजय शुक्रवारी संध्याकाळी गाडीतून उतरला आणि त्याने आधी डोंगराकडे बघितलं. कमरेवर हात, मान मागे, मुलगी बघायला आलेल्या मामासारखा डोंगर निरखत उभा राहिला. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हा विचारतो, "आई, खिंडीची वाट अजून चालू आहे का गं?"

"गुरं जातात," हौसाबाई म्हणाली. "माणसं रस्त्याने जातात."

तेव्हाच तिला खटकायला हवं होतं. पण पोरगं दिवाळीनंतर आज घरी आलं होतं, आणि तेही फाल्गुनात, ऐन वालाच्या काढणीला. आठवड्यापूर्वी फोनवर म्हणाला होता, "कामाने डोकं पार उठलंय, आई. शनिवार-रविवार येतो, जरा मोकळा होतो." शेतकऱ्याचा लेक फाल्गुनात घरी कशाला येतो, हे काय विचारायचं असतं? तिने विचारलं नाही.

रोह्याहून पेणकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. घराला लागूनच खाचर. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर त्यात वाल टाकायचे, ते माघ-फाल्गुनात वाळून खडखडतात. मग पहाटे, दव असेपर्यंत, मुळासकट उपटून खळ्यावर न्यायचे. दवाने शेंग मऊ पडते, दाणा पोटात धरून ठेवते. ऊन चढलं की हात लागायचा अवकाश, शेंग तडकते आणि दाणा उडून जमिनीच्या भेगेत जातो. भेगेत गेलेला दाणा उंदराचा.

आणि हौसाबाईचे वाल काही बाजारातले नव्हते. तिच्या सासूने माहेरून आणलेलं बियाणं, बारीक, तांबूस, कडवं. दरवर्षी ती खळ्यावर बसून दाणा दाणा निवडायची. वरच्या कोपऱ्यातला माल सगळ्यात भरीव, तो बियाण्याला. उरलेल्यातली एक पिशवी सुजयच्या घरी कळंबोलीला.

बुधवारी वाडीवरची जानी दारात आली होती. जानी आणि तिचा नवरा मंगळ्या, दोघंही कामाला वाघ.

"काकू, शेंगा तडकायला लागल्या. शनवारी येतो आम्ही दोघा."

"नको गो," हौसाबाई म्हणाली. "माझा सुजय येतो हाय."

"दादा वाल काढंल?" जानीने डोळे मोठे केले.

"का? त्याच्या बापाने काढले नाय?"

बापाचं नाव तिने उगाच घेतलं नव्हतं. सुजयचा बाप धाटावला कंपनीत होता. रातपाळी संपवून सायकलने यायचा, डबा ओटीवर ठेवायचा आणि तसाच खाचरात उतरायचा. दव सुकलं की मग झोपायचा. त्याला कुणी कधी कामाला हाक मारली नाही.

जानी मान हलवून गेली आणि शनिवार तिने शेजारच्या ठमाबाईला देऊन टाकला.

शनिवारी पहाटे पाचच्या आधीच सुजयच्या खोलीत खुडबुड झाली. अंथरुणात पडल्या पडल्या हौसाबाईच्या छातीत काहीतरी मऊ झालं. रक्त विसरत नाही, असं तिला वाटलं. ठमा रोज म्हणायची, शहरात गेलेली पोरं वाया जातात. आज बघेल म्हणावं. ती गुडघा धरत उठली, चूल पेटवली, चहा ठेवला. बाहेर आली तर सुजय ओटीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. अर्धी चड्डी, अंगात पिवळाधमक गंजीफ्रॉक आणि कपाळाला पट्ट्याने बांधलेला दिवा.

"आई, तू कशाला उठलीस? झोप की."

"चहा घे."

"आल्यावर घेतो. पोट हलकं बरं."

खरंच होतं ते. वाकून काम करायचं तर पोट हलकंच बरं. आणि दिवाही बरा सुचला त्याला. त्याचा बाप कंदील न्यायचा, त्यात एक हात अडकायचा. तिने डोक्याला फडकं बांधलं, चहाची किटली घेतली आणि मागोमाग निघाली.

खाचरात कुणीच नव्हतं.

तिने हाक मारली. बांधावर उभी राहून अंधारात इकडेतिकडे बघितलं, आणि मग तिला दिवा दिसला. डोंगराच्या सोंडेवर, वर वर, उड्या मारत चालला होता. एकदा करवंदाच्या जाळीआड गेला, पुन्हा निघाला. वाल इथे आणि दिवा तिथे. हौसाबाईने किटली बांधावर ठेवली. बराच वेळ तिला कळेना की त्याचं वर काय हरवलंय. मग कळलं, आणि ती एकटीच खाली बसली आणि उपटायला लागली.

उजाडलं तसे पलीकडच्या खाचरात जानी आणि मंगळ्या दिसले. सरासरा पुढे सरकत होते. बांधावर ठमाबाई, तोंडात मशेरी.

"गो हौसे, एकटीच? सुजय कुठाय?"

"निजलाय," हौसाबाई मान वर न करता म्हणाली. "दमून आलाय. म्हटलं झोपूंदे."

तेवढ्यात वरून आवाज आला. "आऽऽई! ए आऽऽई!" खिंडीच्या माथ्यावर, सूर्याच्या पहिल्या तिरिपीत, पिवळा गंजीफ्रॉक दोन्ही हात हलवत होता.

ठमाबाईने वर बघितलं. जानीने बघितलं. मंगळ्याने कपाळावर आडवा हात धरून नीट बघितलं.

"झोपेत लांब जातो गो तुझा पोर," ठमाबाई म्हणाली.

हौसाबाईने पुढचं झाड असं उपटलं की मुळांना मातीचं ढेकूळ आलं.

सुजय परतला तेव्हा नऊ वाजले होते. घामाने निथळत, पोटऱ्यांवर काट्यांचे लाल ओरखडे, एका गुडघ्याला खरचटलेलं, आणि चेहरा असा उजळलेला की बारावीच्या निकालाला पण नव्हता. शेंगा तोवर वाळल्या होत्या. हौसाबाईचं अर्धं खाचरसुद्धा झालं नव्हतं. वरचा कोपरा तर तसाच उभा.

"आई, काय चढ आहे गं तो!" तो बांधावर धपकन बसला आणि किटलीतला गार चहा तसाच तोंडाला लावला. "सतरा किलोमीटर झाले. त्या कातळापाशी वाटलं, संपलो मी आता. पाय थरथरायला लागले, छाती फुटेल असं झालं. परत फिरणार होतो, खरंच. मग म्हटलं, अजून दहा पावलं. मग अजून दहा. आणि वर आलो ना, तर एकीकडे धाटावचे धूर, दुसरीकडे पार लांब खाडी चमकतेय. मी एकटाच हसत होतो वेड्यासारखा. वर्षभरात असं वाटलं नव्हतं गं. ऑफिस नाही, फोन नाही, काही नाही."

तो बोलत होता आणि हौसाबाई बघत होती. हसताना त्याचा खालचा ओठ बापासारखा वाकडा व्हायचा. त्या कातळापाशी ती स्वतः कितीदा मोळी टेकवून बसली होती, तिची पण छाती फुटायला यायची. वर जाऊन हसावं असं तिला कधी सुचलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, जाऊंदे. पोरगं खुश आहे.

"संध्याकाळी पोपटी लावूया का?" तो म्हणाला. "मडक्यात, भांबुर्ड्याचा पाला घालून, मस्त."

"हिरव्या शेंगांची असते पोपटी. महिना झाला तिला."

"असं होय." त्याने तेव्हा कुठे खाचराकडे नीट बघितलं. "अरे, हे काढायचंय वाटतं? थांब, अंग गरमच आहे माझं. दहा मिनिटांत उडवतो." आणि तो थेट वरच्या कोपऱ्यात घुसला.

"ऊन चढलंय," हौसाबाई म्हणाली.

"असूदे गं, मला सवय आहे उन्हाची."

तिला पुन्हा बोलता आलं असतं. पण अठरा वर्षं या बांधावर वाढलेल्या पोराला ऊन म्हणजे काय ते सांगायचं? तो दोन्ही हातांनी झाडं कवळत होता, ओढत होता, हिसडत होता. डोंगर चढल्याचा सगळा जोर अजून त्याच्या अंगात होता. शेंगा तडतड फुटत होत्या, तव्यात मोहरी फुटते तशा. तांबूस दाणे उडत होते, त्याच्या बुटांवर आपटून भेगांमध्ये जात होते. आणि तो हसत होता. "बघ, कसा फटाफट चाललोय!"

पलीकडून जानीच धावत आली. "दादा, थांब, थांब! दव गेल्यावर कोन काढतो काय?"

सुजय थांबला. हातातल्या झाडाकडे बघितलं, त्याला लटकलेल्या रिकाम्या, पीळ पडलेल्या शेंगांकडे बघितलं. मग पायाखाली.

हौसाबाई खाली बसली होती आणि काडीने भेगेतला एकेक दाणा उकरून ओच्यात टाकत होती. तोही बसला. दोन बोटं भेगेत घालायला लागला; ती जाईनात.

"तू सांगायचंस ना, आई," तो हळू म्हणाला. "फोनवर एक शब्द बोलली असतीस तर मी धावायला गेलो असतो का?"

तो म्हणाला ते खरं होतं, आणि म्हणून ते जास्त झोंबलं.

"किती गेले असतील? पायलीभर? मी पेणला जाऊन आणतो. बाजारात हवे तेवढे मिळतात."

काडी मोडली. हौसाबाईने दुसरी घेतली.

जेवताना त्याने तीनदा म्हटलं, "उद्या पहाटे मला उठव. दव असताना उरलेले सगळे काढतो. उठवशील ना?" तिने त्याच्या ताटात आमटी वाढली.

दिवस कलता कलता ती गुडघ्याला पट्टा बांधून वाडीवर गेली. चाळीस वर्षांत काम सांगायला ती स्वतः वाडीवर गेली नव्हती, वाडी तिच्या दारात यायची. जानी अंगण झाडत होती.

"उद्या सकाळी येशील का गो? दोघंही."

जानीने केरसुणी थांबवली. "दादा आलाय ना, काकू?"

"आला नि गेला."

"गाडी तं दारात हाय."

"गाडी हाय," हौसाबाई म्हणाली.

जानी येतो म्हणाली, आणि पोतं अंथरून तिला बसवलं, पाणी दिलं.

रविवारी पहाटे सुजयच्या खोलीत आवाज नव्हता. सतरा किलोमीटरची झोप होती ती. हौसाबाई त्याच्या दारापाशी आली. दार लोटलेलं होतं. तिने त्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, मग काढून घेतला. आज चहाची किटली तिने तिघांपुरतीच भरली.

दव जड होतं. तिघांनी मिळून आठाच्या आत उरलेलं खाचर मोकळं केलं आणि भारे खळ्यावर टाकले. वरच्या कोपऱ्यातून बियाण्याला ओंजळभर दाणे मिळाले होते, काल उकरलेले धरून.

सुजय डोळे चोळत ओटीवर आला तेव्हा ती खळ्यावरून परत येऊन पाय धूत होती. त्याने रिकाम्या खाचराकडे बघितलं. चेहरा पडला त्याचा.

"आई, उठवलं का नाहीस? मी म्हटलं होतं ना तुला. तीनदा म्हटलं होतं."

हौसाबाईने पदराने पाय पुसले. आत जाऊन कपबशी आणली. पाहुण्यांची, फुलं असलेली. चहा ओतून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि समोर उभी राहिली.

"तू डोंगरावर पळालास, चांगलं केलंस. मजा आली ना, मग झालं. पुन्हा येशील तेव्हा पुन्हा पळ, मी अडवायची नाय. पण सुज्या, तुझा बाप रातभर कंपनीत उभा राहून यायचा, त्याला या घरात कोणी उठवला नाय आणि कोणी सांगितलं नाय. तुला फोन करून सांगायचं, दारावर थाप मारून उठवायचं, वर ऊन म्हंजे काय तेही शिकवायचं, एवढं मी कोणासाठी करू? घरच्या माणसाला हे लागत नाय, आणि पाहुण्याला पहाटे कामाला उठवायची आमच्यात रीत नाय. तू पाहुणा हायस या घरचा. चहा घे. निवतोय."