वरून मोजलेलं पाणी

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. गाण्यांचा नव्हे, मोजायचा. लांबी तीस मीटर, टोकाला शिशाचं वजन. नवा होतो तेव्हा माझे ठसठशीत आकडे पाहून साहेब म्हणाले होते, "हा चुकायचा नाही." मी कधीच चुकलो नाही. तेच माझं दुःख आहे.

जळकोटकडची जमीन म्हणजे फार पूर्वीच्या ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा. त्या काळ्या खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. ते मोजायला भूजल खात्याचा दयानंद मला घेऊन मल्लम्माच्या बांधावर येई. तिथे सरकारी बोअर आहे, कुलूपबंद. आतलं काही दिसत नाही. दयानंद मला खाली सोडी. वजन पाण्याला टेकलं, की बोअरच्या तोंडाशी येणारा आकडा वहीत लिही.

"किती आलं रे लेकरा?" मल्लम्मा हटकून विचारी.

"अकरा मीटर, अव्वा."

पुढच्या उन्हाळ्यात सोळा. "वाढलं की!" म्हणत तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला. दयानंदला वाटलं, आकड्याबद्दलच बोलतेय. त्याला अजून सहा गावं गाठायची होती. पाणी वाढल्याच्या भरवशावर तिने मोसंबीची दोनशे रोपं लावली, लेकरांसारखी जपली. गेल्या वर्षी बावीस ऐकून तर ती हरखूनच गेली. मी मुका, काय करणार?

यंदा मे महिन्यात झाडांची पानं वळली होती.

"बावीस हाय म्हणलास. मग माझा शेतातला बोअर नुसती हवा का फेकून राहिला?"

दयानंदचा चेहरा उतरला. "अव्वा, बावीस म्हंजे वरून बावीस. पानी तितकं खाली गेलंय."

"मंजी आकडा वाढला, की पानी घटतंय?"

"हाव."

ती मातीतच बसली. "अन् म्या गूळ वाटून राहिले." मग म्हणाली, "सोड त्याला. बघू दे."

मी उतरलो. पंचवीस. अठ्ठावीस. तीस. वजन कोरडंच लटकत राहिलं.

"अजून सोड की," मल्लम्मा म्हणाली. सोडायला मी उरलोच नव्हतो.

मित्रांनो, पाणी जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की कुणाला आकडा सांगाल, तर तो समजला का, हेही विचारा. आता बांधावर यंत्र बसवलंय. ते आकडा थेट कचेरीत पाठवतं. मल्लम्माला तो कुणी सांगत नाही. तीही विचारत नाही.