पहिल्या पानावरचा हात

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे 'शहाणा' म्हणतात, आणि त्याला अजूनही ते कौतुक वाटतं. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देणं हा त्याचा धंदा. माझं शिवणकामाचं दुकान बघून त्याचा जीव तुटायला लागला.

"ताई, तू अकराव्या पानावर आहेस. दुसऱ्या पानाच्या पुढे काळं कुत्रंसुद्धा जात नाही."

"मग मला अकरावंच बरं."

मी ते उगाच म्हणत नव्हते. लेकीला घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडले, त्याला दोन वर्षं होत आली होती. गाव सोडलं, आडनाव सोडलं, नंबर बदलला. 'पाताळात गेलीस तरी हुडकून काढीन,' असं तो नेहमी म्हणायचा, आणि बोललेलं करून दाखवायची त्याला वाईट खोड होती. दुकानाच्या पाटीवरही मी नाव लावलं नव्हतं, नुसतं 'टाका' एवढंच.

पण पोट कुणाला चुकलंय? मशिनवर धूळ बसायला लागली, तेव्हा मीच नमतं घेतलं. अट एकच. नाव नाही, चेहरा नाही.

"अगं, माणूस दिसलं की लोकांचा विश्वास बसतो," तो म्हणाला.

"मग हात दाखव. शिवतात हातच."

त्याने फोटो काढला. निळं कापड, सुई धरलेला माझा उजवा हात, त्याची वाकडी करंगळी. मजकूरही माझ्या तोंडचा म्हणून त्यानेच लिहिला. लोक सर्चमध्ये काय टाकतात ते बघून तेच शब्द पेरायचे असतात म्हणे, आणि इथे सगळे शाळेचे गणवेश शोधत होते. म्हणून त्याने लिहिलं, 'समोरच्या शाळेचे गणवेश मिळतील. माझी लेकही हाच गणवेश घालते.' त्याने वाचून दाखवलं तेव्हा मी काजं करत होते. हं हं म्हणत राहिले.

हळूहळू दुकान वर सरकलं. शेवटी पहिल्या पानावर सगळ्यात वर माझाच हात दिसायला लागला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. फोन वाजू लागले, लेकीला नवे बूट आले. शहाण्याने पेढे आणले नाहीत एवढंच, बाकी त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

परवा दुपारी तो दुकानात बसून मोबाइल चाळत होता.

"ताई, पाच तारे दिलेत कुणीतरी. ऐक. 'काम चोख. करंगळी वाकडीच राहिली, पण टाका तोच. येतो माप द्यायला.' फोटो काय बारकाईने बघितलाय बघ."

माझ्या हातात कात्री होती, ती ठेवायला मला टेबल सापडेना.

"काढून टाक," मी म्हणाले. "फोटो, साइट, सगळं."

"वेडी आहेस का, पाच तारे आहेत."

मी करंगळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "ही दारात सापडली असं सांगितलं होतं ना मी? दारातच सापडली. त्याने धरून ठेवली होती आणि मग दार लावलं."

शहाण्याचं तोंड उतरलं. त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं. पण त्याला तरी मी कधी सांगितलं होतं? पहिल्यांदा आईला सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, भांड्याला भांडं लागायचंच. त्यानंतर मी सांगणंच सोडलं.

त्याने घाईघाईने सगळं पुसलं आणि पुन्हा शोधून बघितलं. माझा हात तिथेच, पहिला.

"आपण काढलं तरी सर्चमध्ये काही दिवस दिसत राहतं, ताई," तो म्हणाला. रडायच्या बेतात होता.

शाळा सुटली होती. मी रस्ता कसा ओलांडला मला माहीत नाही. लेक फाटकापाशी उभी होती, नव्या बुटांत, दोन्ही हातांनी एक पिशवी छातीशी धरून.

"बाबा आले होते," ती म्हणाली. "ही आईला दे म्हणाले. उद्या न्यायला येतो म्हणाले."

"काय न्यायला?"

"ते नाही सांगितलं."

पिशवीत त्याचा पांढरा शर्ट होता. कॉलर मीच कधीतरी उलटवून शिवलेली. वरचं बटण नव्हतं, आणि दोऱ्याची टोकं अगदी सरळ कापलेली होती. तुटलेल्या बटणाची टोकं अशी नसतात, ती कुरतडल्यासारखी दिसतात. हे त्यालाही माहीत होतं.

मी लेकीचा हात धरला आणि दुकानाकडे पाठ करून चालू लागले. खिशातला फोन वाजत होता. नवीन गिऱ्हाईक असावं. हल्ली दिवसभर फोन यायचे.