आधी येईल त्याची तांबडी

भोरच्या एसटी स्टँडसमोर कुंडलिकचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पाच सायकली चकाचक, त्यात तांबडी तर नवरीसारखी नटलेली. सहावीला ब्रेकच नव्हते. बौद्धवस्तीतलं कुणी आलं की कुंडलिकच्या हाताला नेमकी ती सहावी लागायची.

बौद्धवस्तीतल्या रतनला नदीपलीकडच्या वाडीत बालवाडीची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी ती उजाडताच, सगळ्यांआधी दुकानात हजर झाली. सोबत कासोटा आवळून फुलाआत्या.

"तांबडी द्या, कुंडलिकदादा."

"ती सांगून ठेवलीया. ही घे की, झ्याक चालती."

"चालती, पर थांबत न्हाई," आत्या म्हणाली.

तेवढ्यात भुसारवाले आनंदराव आले, "तांबडी काढ रे" म्हणाले आणि कुंडलिकनं ती लगेच काढली. रतनचं डोकंच फिरलं.

"ह्यांनी कवा सांगून ठेवली? आमी आदी आलो. जो आदी येईल त्याला पायजे ती सायकल, एवढं कबूल करा."

स्टँडवरची माणसं जमली. आनंदरावांना गंमत वाटली. "पुलावर माझ्याआधी पोच, मग तुझं खरं."

हक्काच्या गोष्टीला शर्यत कशाला, असं रतनच्या ओठावर आलं. पण तिची नजर पुलाकडच्या उतारावर गेली आणि तिला आतून हसूच फुटलं.

"कुंडलिकदादा, कबूल?"

"कबूल!" एवढ्या लोकांसमोर तो तरी काय बोलणार?

सारोळ्याला मामाच्या सायकलवर शिकलेली रतन त्या मोडकीवर बसली, आत्या मागं कॅरिअरवर बसली आणि दोघी सुटल्या. आनंदराव ब्रेक दाबत, धोतर सांभाळत निघाले. रतनला दाबायला काही नव्हतंच! कोंबड्या उडाल्या, कुत्री पळाली, वारा पदरात शिरून पदराचं शीड झालं.

"बाजूला व्हा रं, आमाला थांबता येत न्हाई!" आत्या किंचाळत होती आणि हसत होती.

पूल आला, पूल गेला. पलीकडच्या चढावर सायकल दमली, क्षणभर उभी राहिली आणि उलटी घरंगळायला लागली. मागून आनंदराव येतच होते. धडक झाली आणि तिघंही रस्त्याकडेच्या कडब्यात गडप!

मग कडब्यातून आनंदरावांचं गडगडाटी हसू आलं. "जिंकलीस, पोरी!"

धापा टाकत आलेला कुंडलिक डोकं खाजवत म्हणाला, "बरं, उद्यापासनं आदी येईल त्याला."

"आजपासनं," रतन म्हणाली आणि केसांतल्या कडब्यासकट तांबडीवरून बालवाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर आली, तर तिच्याही आधी दारात कुंडलिकची आई, चंद्राबाई, पदर खोचून उभी.

"आये, तू हितं काय करतीस?" कुंडलिक ओरडला.

"नंबर लावलाय. तांबडी काढ, मला बी सायकल शिकायचीया."

रतननं दुसरी सायकल घेतली, ती बाजूला लावली आणि हसत हसत म्हातारीचं कॅरिअर धरायला गेली.

"धर गं बाई," चंद्राबाई म्हणाली, "पर लई घट्ट नको!"