मोरस आन छकड्यातली जागा

छकड्यात दादाच्या शेजारची जागा सिंधूची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या आळीला ठाऊक होतं. तिचा भाऊ किशनदादा नांदेडच्या ठेसनावरून दुकानाला मिठाची पोती आणाया निघाला की कासरा त्याच्या हातात आन चाबूक सिंधूच्या. मास्तरनं उगारलेली छडी मोडून ती शाळंतून घरी आली ती पुन्हा गेलीच न्हाई. त्या दिवशीबी दादा रागावला न्हाई, छकड्यात घालून तिला नदीवर फिरवून आणलं. मार्गशीर्षात माळेगावची जत्रा तर ठरलेलीच.

आन त्याच जागंवर एक फुटकं मडकं येऊन बसलं.

दादा मिठाचा सौदा कराया दर्याकडं जायचा. तिथल्या मिठागराच्या दिवाणजीची लेक चंद्रप्रभा. नात्यातून नातं निघालं, लगीन तिकडंच लागलं. दादा-वैनीला आणाया गडी छकडा घेऊन ठेसनावर गेला, त्यात सिंधूबी बसून गेली होती. बघती तर नव्या नवरीची पेटी हमालाच्या डोक्यावर आन मडकं तिच्या कवेत. मडक्यात काळा चिखल, चिखलात एक झुडूप.

करोडगिरीच्या, म्हंजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं चिखलात बोट खुपसलं. "ये क्या है बाई? सोना गाड के लाई क्या?"

"मोरस," नवरी लाजून म्हणाली.

शिपाई हसला. दादा हसला. सिंधू हसली न्हाई. मडकं हिंदकळू नये म्हणून वैनी म्होरं बसली आन सिंधू मागं, पोत्यावर. नायगावचं घर येईस्तोवर मिठाचे खडे मांड्यांना टोचत व्हते.

मोरस म्हंजे काय, तर रानभाजी. पानं तांदळाच्या दाण्यावाणी बारीक पण गुबगुबीत, देठाशी तांबूस. तोंडात टाकलं की खारट. तिकडं मिठागराच्या बांधावर आपोआप उगवतं म्हणं, कुणी लावत न्हाई, कुणी राखत न्हाई. पण इथं दादा गिऱ्हाईकाला दुकानातून उठवून परसात न्यायचा.

"खाऊन बघा शेषेराव! मीठ घालायची गरज न्हाई ह्याच्या भाजीला."

"मग तुजं मीठ कोण घेईल रं?" शेषेराव खिदळायचे. "बायकू धंदा बुडवाया आणलीस की!"

दादा असा हसायचा की जसं काय त्याला इनामच भेटलं. सिंधू न्हाणीघराच्या दारातून बघून ऱ्हायची. तिनं केलेल्या अंबाडीच्या भाजीचं असं कवतिक कधी कुणी केलं न्हवतं.

पण मोरस काही रुजंना. वैनी आडाचं गोड पाणी घालायची, शेणखत घालायची, ऊन लागलं की सावलीत सारायची. पानं पिवळी पडली, गळाया लागली. वैनीचं तोंडबी तसंच उतरलं. घास गिळंना. मग एका सकाळी दादा म्हणाला, "औंदा तू चल माळेगावला. मन रमंल तुजं."

"आन मी?" सिंधूनं विचारलं.

"तू दर साली येतीस की. औंदा ऱ्हा मायजवळ. छकड्यात सामान हाय, जागा कुठं हाय?"

पुढल्या साली सिंधूचं लगीन उरकायचं घरात चाललं होतं. म्हंजे ही शेवटची जत्रा. हे दादाला ठाऊक होतं, पण त्याच्या ध्यानात न्हवतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, तिला वाटलं.

त्यात माय, साखराबाई, मडक्याजवळ उभी राहून बोलली, "नजर लागली ह्याला." आन सरळ सिंधूकडं बघितलं. "तुजे डोळे लई तिखट. ज्याची लागली त्यानंच उतरवावी. घे मीठ-मिरच्या, ओवाळ आन टाक चुलीत."

सिंधूची कानशिलं तापली. ओवाळलं तिनं. मिरच्या चुलीत टाकल्या. मीठ मुठीतच ठेवलं.

दुकानामागं मिठाची खोली होती. पावसाळ्यात पोती पाझरायची, आन त्या भिंतीच्या बुडाला गवताची काडी उगवत न्हवती. मायनं लावलेलं लिंबूबी तिथंच जळालं होतं. सिंधूनं मुठीतलं मीठ तांब्यात टाकलं, खोलीत सांडलेल्याची वरून भर घातली, ढवळलं आन सगळं मोरशीच्या बुडाशी ओतलं. जा मर.

मोरस मेली न्हाई. चार रोजांनी बघती तर शेंड्याला हिरवे ठिपके. सिंधूला वाटलं मीठ कमी पडलं. आणखी ओतलं, वैनी न्हाणीत गेलेली बघून. तर ती मोरसबाई अशी फुटली की मडक्याच्या काठावरून खाली लोंबाया लागली. सिंधू दातओठ खाऊन ओतायची आन मोरस फोफावायची.

माय साऱ्या आळीला सांगत सुटली, "पोरीनं नजर उतरवली आन बघा! लागली व्हती तिचीच, म्हणून तर उतरली."

वैनीनं तर गळ्यात हात टाकले. सिंधू लाकडावाणी उभी. खरं बोलावं तर झाड माराया गेली, गप ऱ्हावं तर वाईट नजरंची.

जत्रंच्या दिवशी छकडा दारात लागला. वैनी नवं लुगडं नेसून म्होरं बसली, शिदोरी मागं ठेवली. माय ओट्यावरून म्हणाली, "निघा बिनघोर. मोरस सिंधू सांभाळती. तिच्याच हाताचा गुण हाय त्याला, दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई."

दादानं मान डोलावली. "हाव. सिंधू हाय तर काळजी न्हाई."

तिथं सिंधूचं टाळकं सटकलं.

"हाताचा गुण न्हाई आन नजर न्हाई!" ती ओरडली. "मिठाचं पाणी घालून ऱ्हायलेय मी! कुणीबी घालावं! शेजारच्या भुजंगाची म्हातारीबी घालंल!"

बैलांनीबी माना वळवल्या. वैनी खाली उतरली, मडक्याजवळ गेली, चिखलाला बोट लावून चाटलं. "काठाला पांढरं दिसत होतं, मला वाटलं चुना उडालाय," ती हळू म्हणाली. "तिकडं भरती यायची, जायची. पाणी घालायचं माहीतच नव्हतं आम्हांला. आणि मी इथं गोड पाणी... वन्सं, तुम्हांला बरं सुचलं!"

"सुचलं न्हाई," सिंधू म्हणाली. इतकं सोपं सुटता येत होतं, पण वैनीच्या हातून सुटायचं न्हवतं तिला. "माराया घातलं."

"जीभ झडली न्हाई तुजी!" मायनं ओट्यावरच बसकण मारली.

दादा कासऱ्याची गाठ सोडत, बांधत ऱ्हायला. मग म्हणाला, "माराया? का गं?"

"माजी जागा घेतली ह्या मडक्यानं."

सिंधूला वाटलं आता थोबाडीत बसंल. बसली असती तर तिनं ती झेलली असती. पण वैनीनं मडकं उचललं, तिच्या हातात दिलं आन छकड्याच्या मागं जाऊन शिदोरीशेजारी चढून बसली.

"बसा पुढं," ती म्हणाली. "मांडीवर घ्या. मेलं तर तुमच्याच मांडीवर मरू दे."

"न्हाई घेत म्हणलं तर?"

"तर राहा घरी."

सिंधू म्होरं चढली. दादाच्या शेजारी, आपल्या जागंवर. मांडीवर मडकं, पाठीशी मोरशीच्या पाण्यासाठी मिठाची पुरचुंडी, ती वैनीनं हातात दिली न्हाई, फळीवर ठेवली. हातातून हातात मीठ दिलं की भांडण व्हतं, हे दर्याकडंबी पाळत्यात तर.

गाव मागं पडलं. सिंधूनं चाबूक घेतला, पण चाबूक धरावा तर मडकं कलंडायचं. चिखल लुगड्याला लागला. दादा मात्र एकदाबी तिच्याकडं बघंना. मान सारखी मागं.

"टोचत न्हाई न तिथं?"

"नाही हो."

"पाणी प्यायचं का? आन मोरस कशी हाय?"

"मला काय दिसतंय इथून? वन्संना विचारा."

दादा मागंच बघत म्हणाला, "सिंधू, कशी हाय गं मोरस?"

सिंधूनं एक पान तोडून कचकन चावलं.

"बरी हाय! पण तू म्होरं बघ की जरा, खळग्यात घालशील बैल!"