एकोणीसशे चौतीसचा बिल्ला

नेल्डा टीग गेल्याचं कॉफर स्प्रिंग्जला कळलं तो गुरुवार होता. तिच्या नवऱ्याने, ऑर्विलने, सकाळी सहाला मुलीला फोन केला, आठच्या आत चर्चच्या बायकांना कळलं, आणि नऊ वाजता दारात पहिला माणूस येऊन उभा राहिला तो डॉल्फ स्टॅन्सिल. हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी, अजून गरम. टेन्सा कॉलेजची जांभळी टोपी त्याने डोक्यावरून काढून काखेत धरली होती.

"तिला आवडायच्या," डॉल्फ म्हणाला आणि तिथेच, पायरीवर, रडायला लागला.

ऑर्विल तोवर रडला नव्हता. डॉक्टर आले, गेले, गाडी आली, तिला घेऊन गेली. या सगळ्यात त्याला जमलंच नव्हतं. आणि आता दुसराच माणूस त्याच्या बायकोसाठी त्याच्या आधी रडत होता. ते त्याला खुपलं. त्याने पिशवी घेतली, "बरं," म्हणाला आणि दार लावलं. संध्याकाळी त्या शेंगा त्याने मागच्या कुंपणापलीकडे ओतून दिल्या.

लग्नाआधी नेल्डा दोन वर्षं डॉल्फबरोबर फिरायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या गोष्टीला आता सेहेचाळीस वर्षं झाली होती. डॉल्फनेही पुढे लग्न केलं, ते टिकलं नाही. नेल्डाने ऑर्विलशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर कॅल्डर कॉलेजचा हिरवा रंगही घेतला. दर शनिवारी ती हिरवा सदरा घालून त्याच्या शेजारी टीव्हीसमोर कोचावर बसायची आणि कॅल्डरच्या पोरांनी हातातला चेंडू पाडला की "अरे देवा, लोणी लावलंय का हाताला!" असं त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. या एका गोष्टीत ऑर्विल निर्धास्त होता. डॉल्फ जांभळा, नेल्डा हिरवी. मिटलं.

तिच्या गळ्यात एक बिल्ला असायचा. सोन्याचा, नखाएवढा, अमेरिकन फुटबॉलच्या लांबट चेंडूच्या आकाराचा. तो ऑर्विलच्या आजोबांचा. आजोबा कॅल्डरच्या चौतीसच्या संघात होते. राखीव खेळाडू, सगळ्या हंगामात मिळून अकरा मिनिटं मैदानावर. पण बिल्ला सगळ्यांना मिळाला तसा त्यांनाही मिळाला, आणि ऑर्विलने तो साखरपुड्याला नेल्डाच्या गळ्यात घातला.

या चौतीस सालावरून अख्ख्या जिल्ह्यात भांडण होतं. त्या काळी देशातला पहिला कोण हे ठरवायला अंतिम सामना नसायचा. वर्तमानपत्रवाले ठरवायचे, नाहीतर कोणी आकडेमोड करणारा प्राध्यापक. अशाच एका प्राध्यापकाच्या गणितात त्या वर्षी कॅल्डर पहिलं आलं होतं, आणि पन्नास वर्षांनी कॉलेजच्या कोणा माणसाला तो कागद सापडला. तोवर कॅल्डर आठ राष्ट्रीय विजेतेपदं सांगायचं. तेव्हापासून नऊ सांगायला लागलं. मैदानाच्या भिंतीवर नववं साल रंगवलंही. टेन्सावाल्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण चौतीसला कॅल्डर एकच सामना हरलं होतं आणि तो टेन्साकडून.

"आमच्याकडून सहा विरुद्ध सात असा मार खाऊन घरी गेलात," डॉल्फ न्याहारीच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचा, "आणि देशात पहिले? मग आम्ही कोण रे, चंद्रावरचे?"

"तुम्ही त्याच वर्षी इतर चार सामने हरलात, डॉल्फ."

"पण तुम्हाला हरवलं की नाही?"

"जळतोस तू."

"जळतो ना! का नाही जळणार? आमचं ताट ओढून तुम्ही जेवलात."

दुकानातली इर्मा दोघांच्या कपात कॉफी ओतत म्हणायची, "चाळीस वर्षं ऐकतेय मी हे. आता एक जण मरा, म्हणजे दुसरा जिंकेल."

ऑर्विलसाठी बाकीची आठ विजेतेपदं कॉलेजची होती. नववं त्याच्या घरचं होतं.

अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी मुलगी मार्ला आईला घालायचे कपडे कपाटातून काढत होती. "बाबा, आईचा बिल्ला कुठे आहे?"

बिल्ला नव्हता. दागिन्यांच्या डबीत नव्हता, न्हाणीघरात नव्हता, उशीखाली नव्हता. ऑर्विलने शिवणाच्या यंत्राचे खण उलटे केले. पीठ चाळून पाहिलं. दवाखान्यात फोन करून परिचारिकेला बोलू नये ते बोलला, आणि त्या बाईने शांतपणे सांगितलं की टीगबाई शेवटच्या वेळी तपासायला आल्या तेव्हा गळ्यात काही नव्हतं. नेल्डाला हिरव्या पोशाखात पुरलं, पण गळा मोकळाच राहिला.

तीन आठवड्यांनी ऑर्विल दगड सांगायला गेला. जिल्ह्यात थडग्याचा दगड घडवणारा एकच माणूस होता, डॉल्फ. हिरवा असो की जांभळा, शेवटी प्रत्येकाला त्याच्याच हाताखालून जावं लागायचं. ऑर्विलने मजकूर कागदावर लिहून नेला होता. नाव, दोन तारखा, कॅल्डरचं चिन्ह आणि त्याखाली 'नऊ वेळा विजेते'.

डॉल्फने चष्मा कपाळावरून खाली घेतला. अंगभर पांढरी धूळ. कागद वाचून म्हणाला, "आठ."

"काय?"

"आठ कोरीन. नऊ मी आजवर कोरलेलं नाही. टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन बघ, तुमची सदतीस माणसं झोपलीत माझ्या दगडाखाली. कोणाच्या दगडावर चिन्ह आहे, कोणाच्या आठ आहे. नऊ एकावरही नाही. कोणी उठून तक्रार केली नाही."

"तू माझ्या बायकोच्या दगडावर भांडणार आहेस, डॉल्फ?"

"मी नाही भांडत. तूच कागद घेऊन आलास."

"मी शेजारच्या जिल्ह्यातून करून घेईन."

"नको जाऊस," डॉल्फ म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला. "दगड झालाय, ऑर्विल."

ऑर्विलला आधी कळलंच नाही. डॉल्फने त्याला पत्र्याच्या शेडमागे नेलं. तिथे राखाडी ग्रॅनाइटचा दगड होता, गुडघ्याच्या वरपर्यंत येईल एवढा. 'नेल्डा मे टीग', जन्माची तारीख, आणि एका कोपऱ्यात अंजिराची फांदी. चिन्ह नाही, आकडा नाही. शेजारी जमिनीवर त्याची बैठक, म्हणजे खालचा आडवा दगड, पडली होती.

"तिने सांगितलं होतं," डॉल्फ म्हणाला. "जूनमध्ये आली होती."

"इथे?"

"इथे."

"किती वेळा?"

डॉल्फने दगडावरची धूळ हाताने पुसली.

"चारदा," डॉल्फ म्हणाला.

जूनमध्ये नेल्डा चर्चच्या गाण्याच्या तालमीला जायची. म्हणजे जाते म्हणून सांगायची. ऑर्विल तिला सोडायला निघायचा तर म्हणायची, तू बस, मला अजून गाडी चालवता येते.

"चार वेळा काय बोलत होतात?"

"दगडाबद्दल."

"चारही वेळा दगडाबद्दल?"

"एकदा पीचबद्दल. यंदा पीच पाणचट निघाले म्हणत होती." डॉल्फने नाक पुसलं. "सत्तरीच्या माणसांचं काय असणार रे, टीग? बसायची त्या पेटीवर. मी काम करायचो. बरं वाटायचं तिला छिन्नीच्या आवाजाने."

ऑर्विलने त्या पेटीकडे पाहिलं. साधी लाकडी पेटी, वर पोत्याची घडी. घडी कोणीतरी मुद्दाम घातलेली होती. त्याला वाटलं, ही पेटी उचलावी आणि रस्त्यावर नेऊन फोडावी.

"आणि हे," डॉल्फ म्हणाला. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उघडली. आत बिल्ला होता.

ऑर्विलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोरा," तो म्हणाला. "मी पीठ चाळलं रे याच्यासाठी! त्या दवाखान्यातल्या बाईला चोर म्हटलं! आणि हा तुझ्या खिशात?"

"तिने दिला. जूनपासून गळा मोकळाच होता तिचा."

"का देईल? तुला का देईल?"

"ओरडू नकोस. इकडे बघ." डॉल्फ बैठकीपाशी उकिडवा बसला. बैठकीच्या वरच्या अंगाला, जिथे उभा दगड टेकणार होता, बरोबर मध्यात एक खळगा कोरलेला होता. नखाएवढा, लांबट, आतून गुळगुळीत घासलेला. "यात ठेवायचा म्हणाली. मग वर दगड बसवायचा, चुन्याने सांधा भरायचा. बाहेरून कोणाला दिसणार नाही. म्हणाली, ऑर्विल नऊ म्हणेल, तू आठ म्हणशील, मला तुम्हा दोघांचा कंटाळा आलाय. माझ्या दगडाने काही बोलायचं नाही. पण बिल्ला माझ्याजवळ पाहिजे."

ऑर्विलने वाकून खळग्यात बोट फिरवलं.

"मी टेन्साचा माणूस," डॉल्फ म्हणाला. "तुमच्या चौतीससाठी खळगा घासत बसलो दोन दिवस. भिंग लावून वाचलाय मी तो. 'विजेते, एकोणीसशे चौतीस.' कशाचे विजेते ते लिहिलेलंच नाही. पण घासला."

"तिने मला का नाही सांगितलं?"

"ते तिला विचारायला हवं होतंस."

"ती नाहीये, डॉल्फ. तूच आहेस. तूच सांग."

डॉल्फ उठला. गुडघे कडकड वाजले. "सांगायला गेली होती म्हणे. दोनदा. तू ऐकलं नाहीस."

ऑर्विल "खोटं" म्हणणार होता, पण शब्द तोंडात असतानाच त्याला ओसरीवरची संध्याकाळ आठवली. मे महिना होता. दोघं गार चहा पीत बसले होते. नेल्डा म्हणाली, "ऑर्विल, टेकडीवरच्या जागेचं आपण काहीतरी ठरवू या." आणि तो म्हणाला होता, "नोव्हेंबरमध्ये टेन्साचा सामना आपल्याकडे आहे. या वर्षी मैदानावर जाऊन बघू. तिकिटांचं मी बघतो." ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं."

तेव्हा त्याला वाटलं होतं, तिला आनंद झाला.

आता इथे धुळीत उभं राहून त्याला कळत होतं की ते बोलणं त्या पेटीवर आलं. जे त्याच्या कोचावर व्हायला हवं होतं ते या माणसाच्या शेडमागे झालं. डॉल्फने तिला हात लावला असता तर एक वेळ मारामारी करून मोकळं होता आलं असतं. डॉल्फने फक्त ऐकून घेतलं होतं, आणि त्याचा सूड कसा घ्यायचा हे ऑर्विलला ठाऊक नव्हतं.

"मरणाला घाबरलेली होती का?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा आली तेव्हा. नंतर नाही."

पहिल्यांदाची भीती तरी तिने आपल्याला दाखवायला हवी होती, असं ऑर्विलला वाटलं. तो हात पुढे करून उभा राहिला. डॉल्फने रुमाल तसाच त्याच्या तळहातावर ठेवला.

"आत्ता ठेवू या का?" डॉल्फने हळूच विचारलं. "तू ठेव. मी वर दगड घेतो. तारीख कोरायला मला एक सकाळ लागेल."

ऑर्विलने बिल्ला सदऱ्याच्या खिशात टाकला, रुमाल डॉल्फला परत दिला आणि गाडीकडे चालायला लागला.

"टीग!" डॉल्फ मागून ओरडला. "तिने सांगितलंय रे!"

"तुला सांगितलंय," ऑर्विल म्हणाला. "मला नाही."

नोव्हेंबरात टेन्साचा सामना झाला. दोन तिकिटं टेबलावर पडून राहिली. कॅल्डर जिंकलं, आणि ऑर्विलने कोचावर बसून पाहिलं, ओरडला नाही. सोमवारी न्याहारीच्या दुकानात डॉल्फ समोर येऊन बसला. चौतीसबद्दल कोणीच बोललं नाही. इर्माने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कॉफी ओतली.

"थंडी पडायच्या आत बसवायला हवा," डॉल्फ म्हणाला. "नंतर सांधा धरत नाही."

"माहीत आहे मला," ऑर्विल म्हणाला.

मार्ला दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, आईचा दगड?" तो म्हणतो, होईल.

टेकडीवर नेल्डाच्या जागी अजून चर्चची पत्र्याची पाटी आहे. दगड डॉल्फच्या शेडमागे आहे, त्यावर जन्माची तारीख आहे, दुसरी कोरायची आहे. बैठकीतला खळगा रिकामा आहे. बिल्ला ऑर्विलच्या खिशात आहे आणि तो त्याने अजून दिलेला नाही.