अंगठ्याशेजारचं बोट

सासूबाई जिना उतरताना पाऊल आडवं टाकायला लागल्या, तेव्हाच मी त्यांच्या पायांकडे बघायला लागले. त्यांच्या कडेवर माझी लेक असायची. मी ऑफिसात असताना दिवसभर ती त्यांच्याचकडे.

विचारलं तर म्हणाल्या, "या वयात पाय काय गुलाबाचे राहणार आहेत?"

मग एकदा त्या मोजे बदलत असताना मी खोलीत गेले. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या सांध्यात वर उचललं गेलं होतं आणि टोक खाली रुतलं होतं. वरच्या उंचवट्यावर जाड कुरूप. बोटाला जागा व्हावी म्हणून त्यांनी बुटाचं अस्तरसुद्धा कात्रीने कापलं होतं.

"आई, हे कधीपासून?"

"झालं का तुझं डोळ्यांत तेल घालून बघणं सुरू? जा, उशीर होतोय तुला."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"आणि ते म्हणाले पडून राहा, तर? पिटुकलीला पाळणाघरात टाकशील."

सासरे गेल्यापासून पिटुकलीमुळेच त्यांचा दिवस सरत होता. मला ते दिसत होतं. तरी मी त्यांना नेलंच. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." त्याचं नेहमीचंच.

डॉक्टरांनी ते बोट दाबून सरळ करून पाहिलं. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. बोट तसूभरही हललं नाही.

"याला हॅमर टो म्हणतात," ते म्हणाले. "नुसतं आखडलेलं असतं, तर पुढून रुंद बूट, पॅड आणि बोटांचा व्यायाम यावर भागलं असतं. आता सांधाच धरलाय."

"असंच ठेवलं तर?"

"कुरूप फुटून जखम होईल. तुम्हाला शुगर आहे, मग ती चिघळेल. पायाचा रक्तपुरवठा तपासू आणि ऑपरेशन करून टाकू."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी थोडी मुदत मागेन असं त्यांना वाटलं असावं. मी तारीख मागितली.

ऑपरेशननंतर घरी परतल्या त्या बोट सरळ धरून ठेवणारी तार आत घेऊन. टाचेवर टेकत न्हाणीघरापर्यंत जायचं, वजन उचलायचं नाही. पिटुकली पाळणाघरात जायला लागली. पहिल्या सकाळी तिने जिन्यात असा टाहो फोडला की सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी मला जवळ बोलावून विचारलं, "दिवसभर रडली का गं?"

"रडली."

त्यांचे डोळे भरून आले. पण त्या रात्री त्या नीट जेवल्या.

मग रोज तोच प्रश्न. आणि एक दिवस पाळणाघराच्या दाराशी पिटुकलीने माझा हात सोडला आणि मागे वळूनही न बघता आत पळाली. मी रिकामा हात घेऊन तिथेच उभी राहिले.

"आज रडली का गं?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग उद्या नको पाठवूस. मी बसल्या जागेवरून बघेन तिला. नुसतं बघायला पाय कशाला लागतात?"

मी त्यांच्या पायाखालची उशी सारखी करत राहिले. तेवढ्यात पिटुकली बूट घालून दारात आली.

"ताईकडे जायचं," ती हसत म्हणाली. ताई म्हणजे पाळणाघरातली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बूट पुढून आवळत नाहीत ना तिला, बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.