सोबतीची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. आमच्यात एकदा रक्त भरलं की म्हातारपण आलंच, म्हणून जुनी म्हणायचं. कारखान्यात माझ्या डोक्यावर हिरवं टोपण बसलं आणि बहिणींसोबत मी एका दवाखान्याच्या खणात येऊन पडले.

एका सकाळी बिट्टी तिथं आली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं. आईच्या खांद्यावर दमून मान टाकलेली. बरोबर वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी शेजारीण होती.

तुम्हा माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एन्झाइम नावाचे कामकरी असतात. ते पेशींतला कचरा आवरतात. बिट्टीत त्यांतला एक कमी आहे का, ते बघायचं होतं. पण ही तपासणी होते दूरच्या प्रयोगशाळेत. वाटेत रक्त तापलं तर एन्झाइम नासतं. म्हणून एका धडधाकट माणसाचं रक्त त्याच डब्यातून सोबत पाठवतात. सोबतीचंही बिघडलं, तर प्रवासानं घोळ केला असं समजायचं.

"माझं घ्या की!" आईनं बाही वर सारली.

"तुमचं नाही चालणार," सिस्टर म्हणाली. "नात्यातल्यांतही ते एन्झाइम कमी असू शकतं. परक्या माणसाचं हवं."

आईचं तोंड एवढंसं झालं. पोटच्या पोरीसाठी आईचंच रक्त चालेना!

शेजारीण पुढं झाली. "माझं काढा. एवढा देह पोसलाय, कधीतरी कामाला येऊ दे." मग हळूच आईला म्हणाली, "पोरीला नीट भरवत नाहीस म्हणून मीच तुला टोचून बोलायचे. जीभ झडो माझी."

"राहू द्या वहिनी. मलाही तेच वाटायचं."

शेजारणीचं रक्त माझ्यात आलं, बिट्टीचं माझ्या बहिणीत. तिच्यात अगदी बुडापुरतंच. डबा बंद झाला आणि आम्ही दोघी एकमेकींना टेकून निघालो.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आमच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, फोडल्या आणि एका ताटलीतल्या शेजारशेजारच्या खळग्यांत ठेवून वर एक द्रव घातला. एन्झाइम असलं की तो निळसर चमकतो. माझा खळगा उजळला. बहिणीचा काळाच राहिला.

"वा, सोबत झकास आलीये!" मॅडम म्हणाल्या.

जन्मात मिळालेली ही एकच शाबासकी, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं. मी विझले असते तर प्रवासावर खापर फुटलं असतं. आईला आशा धरायला जागा उरली असती. मी चमकले, म्हणूनच बिट्टीचा अंधार खरा ठरला.

निकाल घ्यायला आई आणि शेजारीण स्वतःच आल्या. आम्ही रिकाम्या होऊन टेबलावर उभ्या होतो.

"वाटेत खराब झालं असेल ना, मॅडम? केवढं ऊन होतं!" आई म्हणाली.

"नाही हो. सोबतीचं चांगलं आलंय."

शेजारणीची मान खाली गेली. "माझंच मेलं चांगलं यायचं होतं का?"

"बाई, तुमचं वाईट आलं असतं तर लेकराला पुन्हा टोचावं लागलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आता आजार नक्की कळलाय. जे एन्झाइम कमी आहे, ते सलाइनमधून देता येतं. लगेच सुरू करू."

"बरी होईल?"

"पोट उतरेल, खेळेल. औषध मात्र कायमचं."

आईनं शेजारणीचा हात कोपराशी घट्ट धरला, नेमका सुईनं काळानिळा झालेल्या जागी. शेजारीण कळवळली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

मित्रांनो, माझी लाज अजून पुरती गेलेली नाही. बहिणीकडे सरळ बघवत नाही. थोड्या वेळात आम्ही दोघी एकाच पिशवीतून टाकल्या जाऊ. त्याआधी एवढंच मागणं आहे. तुम्ही ठणठणीत असाल आणि ओळखीचं एखादं मूल आजारी असेल, तर तुम्हालाही अशीच लाज वाटेल. काय बोलावं सुचणार नाही. पाय मागं ओढतील.

तरीही जा. त्याच्याजवळ बसा.